पिकअप घेताना या चुका टाळा: सूट एका ओळीत, वसुली चार ओळींत

गेल्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मेव्हण्याने मला क्रेटच्या थप्पीआड ओढलं आणि खिशातून चार घड्या घातलेलं कोटेशन काढलं. "दाजी, एक लाख पाच हजार सोडले शोरूमवाल्यानं. उद्या बुकिंग करतोय." कागदावर लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: 'जीएसटी बचत + उत्सव ऑफर, १,०५,०००'. तिच्याखाली बारीक अक्षरात विमा, ॲक्सेसरी किट, हँडलिंग आणि कर्जाचा हप्ता. मी एका रिकाम्या क्रेटवरच आकडेमोड करायला बसलो.

शोरूमचं नाव सांगत नाही, कारण असाच कागद जवळपास कुठेही मिळतो. पण पिकअप घेणारे जिथे हमखास फसतात, त्या बहुतेक जागा या एका कागदावर होत्या.

करकपातीला सूट समजू नका

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मेव्हण्याच्या गाडीची जुनी एक्स-शोरूम किंमत १० लाख होती, म्हणजे कराआधीची मूळ किंमत ७,८१,२५०. तिच्यावर १८ टक्के लावले की होतात ९,२१,८७५. फरक ७८,१२५ रुपयांचा आणि तो सरकारने सोडलेला. डीलर आणि कंपनी मिळून देत होते उरलेले २६,८७५. एक लाख पाच हजारांतले पाऊण लाखाहून जास्त तर कुठल्याही शोरूमात आपोआप मिळाले असते.

म्हणून दोन कोटेशनं समोर ठेवायची तर कराआधीची किंमत पाहावी. हार्डवेअरचं दुकान असेल, जीएसटी नोंदणी असेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. मात्र बिलावर आपला जीएसटी नंबर लागतो आणि त्याच कराच्या रकमेवर घसारा घेता येत नाही. अशा दुकानदाराला २८ काय आणि १८ काय, शेवटी सारखंच. ताज्या भाजीपाल्यावर कर नाही, त्यामुळे फक्त भाजीचा धंदा करणाऱ्याला वजावटही नाही. तिथे करकपात थेट खिशात येते.

'सात टक्के' व्याज

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोटेशनवर लिहिलं होतं: कर्ज ८ लाख, ४८ हप्ते, व्याज ७ टक्के फ्लॅट. गावातली बँक ११ टक्के सांगत होती. सात आणि अकरा, कुणीही सातकडेच जाईल. पण फ्लॅटमध्ये चारही वर्षं पूर्ण ८ लाखांवर व्याज लागतं, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलेलं असलं तरी. ८ लाखांचे ७ टक्के म्हणजे वर्षाला ५६,०००, चार वर्षांचे २,२४,०००. एकूण परतफेड १०,२४,००० आणि हप्ता २१,३३३. बँकेचे ११ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच होते, तिथे हप्ता बसतो साधारण २०,६७७. म्हणजे 'सात टक्के'वाला महिन्याला ६५६ रुपये जास्त घेतो, ४८ महिन्यांत साडेएकतीस हजारांच्या आसपास. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर जवळपास १२.७ टक्के पडतो.

आणि ही २६,८७५ ची ऑफर 'आमच्याकडून फायनान्स केलं तरच' होती. सूट घेऊन मेव्हणा पाच हजारांच्या आसपास तोट्यातच जाणार होता.

यात रहस्य काही नाही. कर्ज देणारी कंपनी डीलरला प्रत्येक फाइलमागे पैसे देते, विमा कंपनीही देते. गाडीवरचं मार्जिन कमी, म्हणून ते तिथून भरून काढलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी तो कागद मागा. "नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणाला, तर आपणही सही नंतर करावी.

विमा, किट, हँडलिंग

हे थोडक्यात. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा हप्ता सरकार ठरवतं, १ जून २०२२ पासूनचा आकडा १६,०४९ रुपये. त्यात कुणाला एक रुपया कमी करता येत नाही. घासाघीस होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि विमा बाहेरून घ्यायला तुम्ही मोकळे असता. मेव्हण्याला कोटेशनवर ४९ हजार लावले होते. त्याच आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर, बाहेर ३७ हजारांत झालं. आयडीव्ही दोन्हीकडे सारखी आहे ना, हे मात्र बघा. ती कमी दाखवून स्वस्त झालेला विमा गाडी उलटल्यावर महाग पडतो.

हँडलिंग म्हणजे शोरूमने लावलेला हाताळणी खर्च, ती सरकारी फी नाही. "याची पावती आरटीओची मिळेल का?" एवढंच विचारा, पुष्कळदा ती ओळ गळून पडते. सीट कव्हर आणि रेडियमची १८ हजारांची किट बाजारात किती रुपयांना मिळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पासिंगच्या खर्चाची तुलना शेजाऱ्याच्या जुन्या बिलाशी करू नका. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कराची तरतूद आली. त्याने दोन वर्षांपूर्वीचा 'ऑन रोड' आकडा निरुपयोगी झाला.

"एकतीस तारखेला जा, मग सोडतो"

अर्धं खरं. डीलरला कंपनीकडून महिन्याचं आणि तिमाहीचं टार्गेट असतं. ते पुरं झालं तर सगळ्या गाड्यांवर जादा पैसे मिळतात. दोन गाड्यांसाठी टार्गेट अडलं असेल, तर त्या दोन तो तोट्यातही देईल. पण पंचवीस तारखेलाच टार्गेट झालं असेल, तर एकतीसला तुम्हाला चहाच मिळेल. म्हणून वीस तारखेपासून फोन करत राहा. तो उलट फोन करायला लागला की अडलंय हे ओळखा.

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे यार्डात उभी राहिलेली गाडी. डीलरचा साठाही कर्जावरच असतो. ८ लाखांच्या गाडीवर वार्षिक १० टक्के धरले तरी महिन्याला ६,६६७ रुपये जळतात. चार महिने पडून असलेल्या गाडीने त्याचे पंचवीस हजारांच्या वर खाल्लेले असतात, तेव्हा तेवढे मागायला लाजायचं कशाला? विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरवरची धूळ बघण्यापेक्षा ते बघा. जानेवारीत पासिंग झालेली डिसेंबरची गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक ती आदल्या वर्षाचीच धरतं, तेव्हा ती सूट आजच वसूल करायची.

खोटी स्पर्धा

मेव्हणा म्हणाला, "मी दोन ठिकाणी फिरलो." दोन्ही शोरूम एकाच कंपनीची, आणि चौकशी केल्यावर मालकही एकच निघाला. तालुक्याची शाखा आणि शहरातलं मुख्य शोरूम. ती एकमेकांशी भांडणार कशी?

खरी झुंज कंपन्यांमध्ये आहे, आणि तिचा इतिहास कळला की भाव कळतो. २००५ मध्ये टाटा एस आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव गावागावात गेलं. २०११ मध्ये अशोक लेलँडने दोस्त आणली. तोवर वाहतूकदारांना जास्त माल हवा झाला होता आणि बोलेरो पिकअपने २ ते ३.५ टनांच्या वजनगटात जो वरचष्मा मिळवला, तो अजून टिकून आहे. २०२२ मध्ये टाटाने दोन टन माल नेणारी योद्धा २.० काढली, सप्टेंबर २०२४ मध्ये महिंद्राने ७.९९ लाखांपासून वीरो, जून २०२५ मध्ये टाटाने खालच्या टोकाला ३.९९ लाखांची एस प्रो. तीनचाकीवाल्यालाही चारचाकीवर खेचायचा डाव.

ज्याची गाडी आपोआप खपते, तो सूट कमी देतो. ज्याला शिरकाव करायचाय, तो जास्त देतो. पुढारलेल्या गाडीवर वीस हजार कमी सुटले म्हणून रुसू नका. पाच वर्षांनी विकताना तिचा भाव विचारून मग हिशोब मांडा. आणि दुसऱ्या कंपनीचं कोटेशन खिशात ठेवूनच पहिल्याकडे जा. मात्र ते त्याच वजनगटातलं हवं.

वजनावरून आठवलं. भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर दीड टनात ६८ बसतात. बाजारात मात्र शंभर-शंभर क्रेट लादलेल्या गाड्या दिसतात, म्हणजे २,२०० किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. ३० हजार वाचवायला लहान गाडी घेऊन मोठ्या गाडीचा माल लादणं हा सौदा गाडीच्या स्प्रिंग-पाट्यांनाही परवडत नाही. उलट बाजूही आहे: एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही मॉडेलचं वजन त्या रेषेच्या किंचित खाली ठेवलेलं असतं ते उगाच नाही. तुमचा माल हलका असेल, फुलं किंवा पालेभाजी, तर ही गोष्ट वीस-पंचवीस हजारांच्या सुटीपेक्षा कामाची.

चूक झालीच असेल तर

विमा पुढच्या वर्षी बाहेरून घ्या, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, सोबत येतो. कर्ज महाग पडलं असेल तर मुदतीआधी बंद करण्याचा आकडा लेखी मागवा आणि दंड असेल तर तो धरून हिशोब करा; पहिल्या वर्षात बदलणं बहुधा परवडतं, तिसऱ्यात नाही. "नंतर खात्यात जमा होईल" म्हणून सांगितलेली सूट आली नाही आणि तिचा उल्लेख बिलावर किंवा मेसेजमध्ये असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तोंडी असेल तर विषय संपला.

मेव्हण्याने शेवटी कर्ज बँकेचं घेतलं, विमा बाहेरून, किट नाकारली. शोरूमवाल्याने ऑफर कापून १२ हजारांवर आणली, तरी सौदा स्वस्तातच पडला. फक्त जुना छोटा हत्ती एक्स्चेंजमध्ये देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद तिथेच ठेवून आला, नाव बदललं का हे बघितलंच नाही. परवा चाकणला सिग्नल तोडल्याचं ई-चलन त्याच्या मोबाइलवर आलं.