मृत्युपत्र कसे करावे: आधी यादी, मग कागद

समजा, नागपूरच्या मानेवाड्याला स्वतःच्या कमाईतून घर बांधलेले एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि म्हातारी आई. घर आता पत्नीचे, असे सगळे धरून चालतात. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे मात्र चौघांना सारखा, म्हणजे पाव-पाव हिस्सा मिळतो. पुढे आईही मृत्युपत्राविना गेली, तर तिचा हिस्सा तिच्या इतर मुलामुलींकडेही जातो आणि दीर-नणंदा त्या घरात वाटेकरी होतात. कुणाची नियत वाईट नसतानाही घर विकणे वर्षानुवर्षे अडते. दोन पानांचे मृत्युपत्र हे टाळू शकते. म्हणून ते म्हातारपणावर ढकलू नका.

सुरुवात यादीने करा. घर, प्लॉट, शेत, बँकेच्या ठेवी, विमा, शेअर, लॉकर, दागिने, आणि डोक्यावरचे कर्जही. प्रत्येकासमोर कागद कुठला आहे ते लिहा. नागपुरात हे काम जरा नेटाने करावे लागते. जुन्या वस्तीतले घर नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या जागेवर असू शकते, प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) भाडेपट्ट्यावर असू शकतो, बाहेरच्या ले-आउटमधला प्लॉट फक्त आर.एल. लेटरवर, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्रावर उभा असू शकतो. भाडेपट्टा असेल तर मुदत आणि अटी वाचा, कारण जो हक्क तुमच्याजवळ आहे तेवढाच दुसऱ्याला देता येतो. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर ताजा सातबारा काढून नाव तपासा. आजोबांचेच नाव अजून असेल तर आधी वारस नोंद आणि फेरफार.

मग स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित वेगळे करा. स्वतः कमावलेले कुणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर तिथे मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून आहे. ‘लग्नात दिलं तिला’ म्हणून तो संपत नाही. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. शेती शेतकरी नसलेल्याला द्यायची असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नका. विदर्भाचा कूळकायदा 1958 चा आणि वेगळा आहे.

आता नॉमिनी. नॉमिनी म्हणजे बहुतेक वेळा रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. विम्यात 2015 पासून पती-पत्नी, आई-वडील, मुले नॉमिनी असतील तर वेगळा नियम आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्रातले नाव एकच ठेवले तर निम्मी भांडणे होतच नाहीत.

लिहिताना स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर असलेले पुरे. कुणाला काय, हे सर्व्हे नंबर, खाते नंबरासकट लिहा. उरलेले सगळे कुणाचे, हेही एका ओळीत लिहा. अंमलबजावणीसाठी विश्वासाचा माणूस नेमा आणि त्याला आधी विचारा. कुणाला कमी देत असाल तर कारण लिहा. ते वाचून राग कमी होतो आणि कोर्टातही उपयोग होतो.

साक्षीदारांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. किमान दोन हवेत. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहावे आणि तुमच्यासमोर स्वतः सही करावी. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी साक्षीसाठी यावे लागते, म्हणून तुमच्याहून तरुण, गावातच राहणारे निवडा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, सही खोटी म्हणणाऱ्याचे काम अवघड होते. पण नोंदवलेले मृत्युपत्रही कायमचे नसते: शेवटचे वैध मृत्युपत्र खरे धरतात.

जिवंतपणीच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचे असेल तर थांबा. मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. करायचेच असेल तर ‘आम्हाला सांभाळशील’ ही अट त्यात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार तिच्यामुळे मिळतो.

ट्रस्टची गरज प्रत्येक घराला नसते. ज्यांचे मूल स्वतःचा व्यवहार सांभाळू शकत नाही त्यांनी मात्र खाजगी ट्रस्टचा विचार करावाच. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात, खर्च मुलासाठी. स्थावर मालमत्ता असेल तर दस्त नोंदवावा लागतो, किंवा मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करता येतो. विश्वस्त एकटा नको, आणि त्याच्यानंतर कोण, तेही लिहून ठेवा.

मूळ प्रत फक्त तुमच्याच नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तुमच्यानंतर ते उघडायलाच वेळ जातो. ती कुठे आहे, हे अंमलबजावणी करणाऱ्याला आणि घरातल्या एकाला तरी आजच सांगा.