जमातीत उभं राहिल्यावर काय पढायचं, किती आवाजात पढायचं

एकटे नमाज पढता तेव्हा आवाजाचा प्रश्न फारसा येत नाही पण जमातीत, म्हणजे इमामच्या मागे एकत्र नमाजला, उभे राहिलात की तुमच्या खांद्याला खांदा लावून अजून एक माणूस उभा असतो आणि तिथे सगळ्यात जास्त गडबड होते ती कुजबुजीची. इमामसाहेब (नमाज पढवणारे) किरात, म्हणजे कुरआनचं पठण, करतायत आणि मागे कोणीतरी स्स्स्स करत स्वतःचं पढतोय, शेजारच्याचं लक्ष गेलंच म्हणून समजा. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, स्पष्ट आलंय की कुरआन पढताना एकमेकांवर आवाज चढवू नका, त्यामुळे हे काही माझं वैयक्तिक चिडणं नाही (थोडं आहे).

आधी बेसिक. फजरच्या (पहाटेच्या) दोन्ही रकात, म्हणजे नमाजचे फेरे, मगरिब (सूर्यास्तानंतरची) आणि इशाच्या (रात्रीच्या) पहिल्या दोन, शिवाय जुमा (शुक्रवारची) आणि ईद, यात इमाम मोठ्याने पढतात. जोहर (दुपारची) आणि असर (दुपार उलटल्यावरची) पूर्ण हळू, मगरिबची तिसरी आणि इशाच्या शेवटच्या दोनही हळूच.

आता मागे उभ्या असलेल्याने, म्हणजे मुक्तदीने, फातिहा, म्हणजे कुरआनची पहिली सूरह (अध्याय), पढायची का? इथे मझहबानुसार (हनफी, शाफई, मालिकी, हंबली या चार परंपरांनुसार) फरक आहे आणि यावरून सफेत, म्हणजे नमाजच्या रांगेत, भांडायची काही गरज नाही. हनफी लोक इमामच्या मागे काहीच किरात करत नाहीत, जोहर असरला पण नाही, इमामची किरात तीच आपली किरात असं मानतात. शाफई प्रत्येक रकातीत फातिहा पढतात कारण फातिहाशिवाय नमाज नाही अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. मालिकी इमाम हळू पढत असेल तेव्हा पढतात, मोठ्याने पढत असेल तेव्हा ऐकतात, हंबली पण साधारण तसंच, मोठ्या किरातीत इमाम मधे थांबले तर तेवढ्यात पढून घेतात. गप्प ऐकण्यासाठी सूरह आराफची २०४ वी आयत (वचन) सांगितली जाते, कुरआन पढलं जात असेल तर कान देऊन ऐका आणि शांत राहा. तुम्ही ज्या मझहबावर आहात तसं करा, फक्त पढत असाल तर जीभ आणि ओठ हलू द्या आणि आवाज स्वतःच्या कानापर्यंतच राहू द्या. नुसतं मनात आठवणं म्हणजे पढणं नाही हेही लक्षात असू द्या. आमीनचं पण तसंच, हनफी हळू म्हणतात, शाफई हंबली मोठ्या किरातीत मोठ्याने म्हणतात, शेजाऱ्याने वेगळं केलं म्हणून वळून बघू नका.

रुकू (कमरेत वाकणं) आणि सजद्यात (कपाळ जमिनीला टेकणं) कुरआनची आयत पढायची नाही, तिथे तस्बीह, म्हणजे अल्लाहची स्तुती. आणि इमामच्या आधी रुकूत जाणं किंवा डोकं उचलणं तर अजिबात नको, यावर हदीसमध्ये गाढवाच्या डोक्याचा इशारा आलाय, इतकी कडक भाषा आहे.

इमाम अडकले तर काय? लगेच तीन बाजूंनी तीन जण लुकमा देतात, म्हणजे पुढचे शब्द सुचवतात, आणि बिचारे इमामसाहेब अजूनच गोंधळतात. थोडं थांबा, बहुतेक वेळा ते स्वतःच मागची आयत परत पढून पुढे जातात. नाहीच जमलं तर जवळचा ज्याला ती सूरह पक्की पाठ आहे त्याने एकट्यानेच पुढचे शब्द स्पष्ट सांगायचे, अर्धवट पाठ असेल तर गप्प बसा. चूक किरातीत नसून रकातीत असेल, म्हणजे बसायचं सोडून उभे राहिले वगैरे, तर पुरुषांनी सुब्हानल्लाह म्हणायचं आणि बायकांनी हातावर हात मारायचा. आणि जो नमाजमध्ये सामील नाही त्याने बाहेरून सांगूच नये, हनफी मतानुसार इमामने ते घेतलं तर नमाजच तुटते.

ज्यांना इमामत करायची वेळ येते त्यांच्यासाठी पण एक गोष्ट. पैगंबरांचे साथी हजरत मुआज यांनी इशाला सूरह बकरा, म्हणजे कुरआनची सगळ्यात लांब सूरह, सुरू केली, दिवसभर काम करून आलेला एक जण नमाज सोडून गेला आणि तक्रार पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापर्यंत गेली तेव्हा त्यांनी मुआजनाच रागावून विचारलं की लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोयस का, अल-आला, शम्स, लैल अशा छोट्या सूरह पढ. स्वतः पैगंबर लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला की नमाज आटोपती घ्यायचे. म्हणून मागे म्हातारे, आजारी, कामावर जाणारे आहेत हे बघून सूरह निवडा, पण छोटी सूरह म्हणजे धावत पढा असं नाही, अक्षरं गिळू नका. पहिली रकात दुसरीपेक्षा जरा मोठी ठेवली की उशिरा येणाऱ्यालाही ती मिळते.

उशिरा आलात आणि मोठी किरात चालू आहे तर तकबीर बांधून (अल्लाहु अकबर म्हणून हात बांधून) सरळ ऐकायला लागा, शाफई असाल तर फातिहा पढा, हनफी असाल तर सना (सुरुवातीची स्तुती) पण तेव्हा पढायची नाही. इमाम रुकूत सापडले तर रकात मिळाली, चारही मझहबांत. सुटलेल्या रकातींसाठी इमामने दोन्ही बाजूला सलाम फिरवल्यावरच उठायचं, आणि मग फातिहा सूरह तुम्हाला स्वतःच पढायची आहे, हनफी असलात तरी, कारण आता पुढे इमाम नाही. तीही हळूच पढा, शेजारी अजून कोणीतरी आपली सुटलेली रकात पूर्ण करत असतो.