मिथेनच्या बर्फावर लेझर मारायला शिकताना: हाय प्रेशरमध्ये येणाऱ्यांसाठी

एमएस्सी फिजिक्स करून मी जर्मनीत हाय प्रेशर लॅबमध्ये पीएचडीला आले तेव्हा बर्फ म्हटलं की गार असणारच असंच डोक्यात होतं. या फील्डमध्ये पाणी, अमोनिया, मिथेन तिघांनाही बर्फच म्हणतात, युरेनस नेपच्यूनच्या पोटात ते हजारो डिग्री तापलेले असले तरी. पाणी तर नुसत्या दाबानेच, खोलीच्या तापमानाला, साधारण 1 गिगापास्कलला म्हणजे हवेच्या दाबाच्या 10 हजार पटीला गोठतं. मायक्रोस्कोपमधून तो स्फटिक वाढताना पहिल्यांदा बघितला आणि मी अर्धा तास हललेच नाही.

सुरुवातीचे महिने लोडिंग, म्हणजे दाब देणाऱ्या सेलमध्ये सॅम्पल भरणं, शिकण्यातच जातात आणि ते जाऊ द्या. सेल म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धातूची गॅस्केट (पातळ पत्रा), तिला केसाच्या जाडीएवढं भोक, त्यात सॅम्पल आणि प्रेशर मोजायला माणकाचा कण (दाब वाढला की त्याची 694 नॅनोमीटरची लाल रेषा सरकते). मिथेनसाठी सेल लिक्विड नायट्रोजनने थंड करावा लागतो, आणि नीट बंद झाला नाही तर गरम होताना सगळं उडून जातं. माझं बऱ्याचदा उडालं.

पण खरं अवघड पुढे आहे, ग्रहांच्या पोटातल्यासारखं तापवायला सॅम्पलवर लेझर मारायचा तेव्हा. नेहमीचा 1064 नॅनोमीटरचा लेझर पाण्यातून आरपार जातो म्हणून आत धातूचा तुकडा ठेवून तो तापवतात, आता तो लोखंडाचा असेल तर पाणी त्याच्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन ऑक्साइड, हायड्राइड बनवतं आणि आपण समजतो बर्फांचीच रिअ‍ॅक्शन झाली. मिथेन तापवला की कार्बन सुटून हिरा बनू शकतो, 1999 पासून लॅबमध्ये दिसलंय हे, पण रामनमध्ये (लेझरचा विखुरलेला प्रकाश बघून पदार्थ ओळखणं) हिऱ्याची 1332 cm⁻¹ ची रेषा शोधायची तर सेलचे हिरेही तिथेच चमकतात! मग एक्स-रे डिफ्रॅक्शनच (स्फटिकातून एक्स-रे कसे विखुरतात ते बघणं) लागतं, तिथे सेलच्या हिऱ्यांचे सुटे ठिपके येतात आणि नव्या बारीक हिऱ्यांची रिंग, ती ओळखता आली तरच पुढे बोलता येतं. म्हणून सॅम्पलशिवाय तोच धातू, तोच लेझर असा रिकामा रन आधी कराच, बीमटाइम (एक्स-रे मशीनवर मिळालेला वेळ) कितीही कमी असला तरी.

भारतात राहून करायचं असेल तर ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये हाय प्रेशर फिजिक्सचं काम कित्येक वर्षं चालू आहे, इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉनही (प्रखर एक्स-रे देणारं मशीन) आहे. इंटरव्ह्यूमध्ये एक नक्की विचारा, स्वतःचा सेल पहिल्या वर्षीच हातात मिळणार का, कारण दुसऱ्याचं लोडिंग बघून हात बसत नाही.