‘अल्कलाइन’ पावडर घेताय? या चुका टाळा

गव्हांकुराची पावडर सुरू केली, चार दिवसांनी लघवीत पीएच (आम्ल-अल्काचं माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) दाखवणारी पट्टी बुडवली, ती पिवळ्याची हिरवी झाली आणि शरीर अल्कलाइन, म्हणजे अल्कधर्मी, झाल्याची खात्री पटली. बदलली ती फक्त लघवी. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहतो. जरा हलला तर फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त बाहेर टाकून काही मिनिटांत त्याला सावरतात, मूत्रपिंडांना मात्र त्यासाठी काही तास ते दिवस लागतात. जादा आम्ल किंवा अल्क लघवीतून जातं, म्हणून तिचा पीएच ४.५ ते ८ पर्यंत कुठेही सापडतो.

पट्टी वापरायचीच तर नीट वापरा. सकाळची पहिली लघवी बहुधा आम्लधर्मीच असते; तिची तुलना दुपारच्या लघवीशी करू नका. नमुना ताजा हवा. तासन्‌तास ठेवलेल्या लघवीत जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच आपोआप चढतो. डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या दमट होऊन बिघडतात. ताज्या नमुन्यातही सतत ८ येत असेल आणि जळजळ होत असेल, तर श्रेय पावडरला देऊ नका. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करा, जंतुसंसर्ग असू शकतो.

चवीवरून अंदाज बांधणं ही तर सर्रास होणारी चूक. लिंबू आंबट, पण त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट हे अल्क होतं आणि लघवी उलट अल्कधर्मी होते. याउलट वाटाण्याची प्रोटीन पावडर वनस्पतिजन्य असूनही आम्लाचा भार वाढवते, कारण तिच्यातल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून सल्फ्युरिक आम्ल बनतं.

‘असर वाढावा’ म्हणून वर खाण्याचा सोडा घालू नका. चहाच्या एका चमच्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभराची मर्यादाच २,००० आहे.

मुतखडा असेल तर तो कसला हे आधी कळायला हवं. युरिक आम्लाचा खडा अल्कधर्मी लघवीत विरघळतो, कॅल्शियम फॉस्फेटचा मात्र तिथेच वाढतो.

खरी जोखीम पीएचची नाहीच, पोटॅशियमची आहे. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा रॅमिप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखं रक्तदाबाचं-हृदयाचं औषध चालू असेल, तर हिरव्या पावडरीतलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. अशांनी रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पावडर मनाने सुरूही करू नये आणि बंदही; तिच्यातलं के जीवनसत्त्व आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) खाली आणतं, अचानक सोडली की तो वर चढतो.