शोधयंत्र आपलं उत्तर परस्पर देऊन टाकतं तेव्हा

माझी सायकल-दुरुस्तीची वेबसाइट आहे. तिच्यावरचं सगळ्यात चालणारं पान म्हणजे 'चेन कधी बदलायची'. उत्तर दीड ओळीचं: 8 ते 10 स्पीडची (म्हणजे मागे तितके गिअर असलेली) चेन 0.75 टक्के ताणली गेली की, आणि 11-12 स्पीडची 0.5 टक्क्यालाच. ही दीड ओळ शोधयंत्र उचलतं, निकालांच्या डोक्यावर ठेवतं आणि माणूस तिथूनच माघारी जातो. हा ताण मोजायला बारा इंची पट्टी चेनच्या पिनवर नेमकी कुठे टेकवायची याचे फोटो मी गुडघ्यावर बसून काढलेले, ते बघायला कुणी येतच नाही.

नुसतं चिडण्यात माझे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी रोग नक्की करा. गुगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगलच्या शोधात कशी चालते ते दाखवणारं गुगलचं साधन) परफॉर्मन्स उघडा आणि क्लिक, इंप्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (निकालांतला क्रमांक) हे चारही आकडे चालू करा. तारखांत गेले तीन महिने आणि गेल्या वर्षीचे तेच तीन महिने समोरासमोर ठेवा. मागचा महिना या महिन्याशी ताडून बघू नका, ऋतू बदलला की सायकलींचा शोध तसाही कमी-जास्त होतो. पोझिशन तीच, इंप्रेशन तितकीच किंवा वाढलेली, आणि क्लिक मात्र घसरलेले, असं दिसलं तर उत्तर परस्पर जातंय असा संशय घ्यायला जागा आहे. पोझिशनच घसरली असेल तर दुखणं वेगळं, पुढचे उपाय त्याला लागू नाहीत. मग तो प्रश्न इन्कॉग्निटो खिडकीत स्वतः टाइप करून बघा. वर आपलंच वाक्य बसलेलं दिसलं की खात्री पटते. (कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं दाखवत नाही, म्हणून दर महिन्याला एक्स्पोर्ट करून ठेवा.)

आता प्रश्नांच्या दोन याद्या करा. एकीत एका आकड्यात संपणारे, दुसरीत हात काळे केल्याशिवाय न सुटणारे. माझ्याकडे 'चेन कधी बदलायची' पार कोसळलं, पण 'नवी चेन घसरते' जागचं हललं नाही. कारण तिथे जुन्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दात फोटोत बघावेच लागतात. दुसऱ्या यादीला हातही लावायचा नाही. मी लावला.

झालं असं, की रागाच्या भरात 'नोस्निपेट' हा रोबोट्स मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधयंत्रासाठीची सूचना) मी थेट हेडरच्या, म्हणजे सगळ्या पानांना सामाईक असलेल्या, टेम्प्लेटमध्ये टाकला. तो पानाचा मजकूर निकालांत दाखवायला मनाई करतो. टेम्प्लेटमध्ये पडला म्हणजे अख्ख्या साइटला लागला. माझी सगळी पानं निकालांत नुसत्या शीर्षकांची झाली, खाली वर्णनाची ओळ नाही. चांगल्या चालणाऱ्या पानांचेही क्लिक गेले. टॅग काढल्यावरही शोधयंत्राने पानं पुन्हा वाचेपर्यंत थांबावं लागलं. चूक शंभर टक्के माझी.

त्यापेक्षा 'डेटा-नोस्निपेट' वापरा. हे ॲट्रिब्यूट पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या स्पॅन, डिव्ह किंवा सेक्शन या टॅगना लावता येतं आणि तेवढाच तुकडा झाकला जातो. गुगलच्या मार्गदर्शिकेनुसार नोस्निपेट, मॅक्स-स्निपेट (उतारा किती अक्षरांचा असावा ते ठरवणारा) आणि हे, तिन्ही एआय ओव्हरव्ह्यूलाही (निकालांच्या वर एआयने लिहून दिलेल्या उत्तराला) लागू होतात. मी चेनच्या पानावरचा फक्त झिजेचा तक्ता त्यात गुंडाळला. वरचं वाक्य उघडं ठेवलं: 'तुमची चेन किती स्पीडची आहे त्यावर आकडा ठरतो, पट्टीने मोजायची रीत खाली.' टॅग नीट बंद झालाय ना बघा, आणि तो जावास्क्रिप्टने मागाहून चिकटवू नका. स्ट्रक्चर्ड डेटाही (पानाची माहिती शोधयंत्राला ठरावीक साच्यात, म्हणजे स्कीमात, वेगळी लिहून देणारा कोड) तपासा. माझ्या प्रश्नोत्तरांच्या स्कीमामध्ये तोच आकडा दुसऱ्यांदा लिहिलेला होता, आणि स्कीमातल्या मजकुराला हे झाकण लागू होत नाही.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (कुठली पानं वाचू नयेत ते सांगणारी साइटवरची फाइल) पान अडवलं की क्रॉलर, म्हणजे शोधयंत्राचा पानं वाचणारा प्रोग्रॅम, आत येतच नाही, मग तुमचा मेटा टॅग वाचणार कोण? आणि त्याच फाइलमध्ये 2023 मध्ये आलेला 'गुगल-एक्स्टेंडेड' हा पर्याय बंद केला म्हणजे सुटलो असं समजू नका. तो जेमिनीसारख्या गुगलच्या एआय मॉडेलांसाठी आहे. एआय ओव्हरव्ह्यू हा शोधाचाच भाग, तो त्याने थांबत नाही.

सगळंच झाकावंसं वाटलं तर 2014 सालचं जर्मनी आठवा. आक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसमूहाने आपल्या काही साइटींचे उतारे गुगलवरून काढायला लावले, आणि शोधातून येणारे वाचक सुमारे 40 टक्क्यांनी घटल्यावर दोन आठवड्यांत माघार घेतली. आपली काय कथा!

एका वेळी एकाच पानावर बदल करा, तारीख वहीत लिहा आणि निदान चार आठवडे त्या पानाला शिवू नका. माझ्या वहीत सध्या तीन पानं आहेत. चौथं, टायरमध्ये हवा किती भरावी याचं, मी सोडून दिलंय. तो आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो.