नियंत्रित क्षेत्राचा हुकूम निघण्याआधी गोठ्यात काय तयार ठेवायचं

शेजारच्या तालुक्यात जनावरांचा लम्पी किंवा लाळ्या खुरकूत असा साथीचा रोग आल्याची बातमी गावात पोचली की निम्मे लोक "आपल्याकडं कुठं आलाय" म्हणून गप्प बसतात आणि निम्मे हळद, कडुलिंबाचा पाला गोळा करायच्या मागं लागतात. कागदाकडं कुणी बघत नाही. मग हुकूम निघतो आणि सगळ्यांना एकाच दिवशी दवाखान्यात जायचं असतं. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीपायी अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला तेव्हा हे सगळ्यांनी बघितलंय. तयारी करायची ती रोग दुसऱ्याच्या शिवारात असतानाच.

सरकारच्या हातात काय काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे दारात कुणी आलं तर गोंधळ उडणार नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा केंद्राचा कायदा २००९ चा आहे. त्याखाली राज्य सरकार एखादा भाग नियंत्रित क्षेत्र ठरवू शकतं, तिथल्या, तो रोग होऊ शकतो त्या जातीच्या सगळ्या जनावरांना लस सक्तीची करू शकतं, जनावरांची ने-आण थांबवू शकतं, बाजार-जत्रा-प्रदर्शनं बंद करू शकतं, तपासणी नाके बसवू शकतं. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला गोठ्यात, वाड्यात, गाडीत शिरून तपासणी करता येते. तुम्ही सांगितलेलं केलं नाही तर ते काम करून घेऊन खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो. रोग पसरू नये म्हणून जनावराला दयामरण देण्याचाही अधिकार कायद्यात आहे. हे वाचून घाबरू नका, लम्पीच्या वेळी भर लस आणि उपचारावरच होता. पण अधिकार आहे हे माहीत असावं.

दंडाचं म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला तो हजार रुपयांच्या घरात आहे, म्हणजे पेंडीच्या एका पोत्याचेही पैसे नाहीत. त्यामुळं दंडाच्या भीतीनं कुणी काही करेल असं मला वाटत नाही. खरा फटका बसतो तो नोंद नसण्याचा.

म्हणून पहिलं काम कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचं. बारा अंकी नंबर आहे, तो प्रत्येक जनावराचा वेगळा आणि ऑनलाइन नोंदीला जोडलेला. २०२४ च्या जूनपासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, म्हणजे रोग असो नसो, हे लागतंच. आज संध्याकाळी धार काढायच्या वेळी एकेका जनावराच्या कानावरचं शेण ओल्या फडक्यानं पुसा, मोबाईलनं जवळून फोटो घ्या आणि नंबर वहीत उतरवा. फोटोत ६ आणि ८ सारखेच दिसतात, म्हणून एकानं कानावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं लिहायचा. म्हशी बाभळीच्या कुंपणाला कान घासून बिल्ला फाडून टाकतात. कालवडींचा तर बसवलेलाच नसतो. तुटलेला असेल तर पशुधन पर्यवेक्षकाला सांगून नवा बसवून घ्या, पण जुना नंबर खोडू नका. आधीची लस त्याच नंबरावर चढलेली असते.

त्याच वहीत प्रत्येकीपुढं लाळ्या खुरकूताची, लम्पीची, घटसर्पाची लस कधी टोचली ते लिहा. लाळ्या खुरकूताची लस सहा महिन्यांनी पुन्हा लागते, आणि कुठल्याही लसीचा जोर यायला साधारण तीन आठवडे जातात. यात्रेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून टोचलेल्या लसीचा उपयोग फक्त कागदावर. मादी वासरू चार ते आठ महिन्यांचं असेल तर सांसर्गिक गर्भपाताची लसही करून घ्या, ती आयुष्यात एकदाच. आणि लस टोचली की दाखला मागून घ्यायला लाजू नका. नियंत्रित क्षेत्रातून जनावर हलवायची वाट कायद्यात आहे ती लसीच्या दाखल्यावर आणि खुणेवरच.

आजाराची शंका आली तर कळवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि इथंच सगळं अडतं. "दूध बंद होईल, गावात बोभाटा होईल" म्हणून लोक खाजगीत सुई मारून घेतात आणि आठ दिवस गप्प राहतात. तोवर दावणीची चार जनावरं धरलेली असतात. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यावं, एवढी गोष्ट घरातल्या बायकांना आणि संकलन केंद्रावरच्या पोराला आधीच सांगून ठेवलीत तर निम्मी भीती तिथंच संपेल. कळवायचं ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन नंबर गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहा. तोंडी सांगितलं तरी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी आणि गाठींचा किंवा लाळेचा फोटो पाठवा. पुढं पंचनाम्याच्या वेळी कळवल्याची तारीख हाताशी राहते.

आजारी जनावर बांधायची जागाही आत्ताच ठरवा. गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, स्वतःची बादली, स्वतःचं टोपलं, शक्य असेल तर वैरणपाणी करणारा माणूसही वेगळा. आजारी जनावर सार्वजनिक कुरणात चारायला किंवा ओढ्यावर, तळ्यावर, हाळावर म्हणजे जनावरांच्या सामाईक पाण्याच्या टाकीवर पाणी पाजायला न्यायला कायद्यानं मनाई आहे. माण, जत, आटपाडीकडं जिथं गावचा एकच हाळ आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी, तिथं हे बोलायला सोपं आणि करायला अवघड. तेव्हा दोनशे लिटरचं एक जुनं बॅरल धुऊन आत्ताच बाजूला ठेवा. दारात पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याचं पाणी लागेल, लिटरला चाळीस ग्रॅम. लाळ्या खुरकूताच्या विषाणूला तो पुरतो. लम्पीसाठी मात्र गोचीड, माशी, डास यांचा बंदोबस्त महत्त्वाचा, त्यामुळं शेणाचा उकिरडा गोठ्याला खेटून नको.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने पेटले की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर बैल. ते बैल कारखान्याच्या तळावर एकमेकांना घासून बांधलेले असतात, फडात उभे राहतात, आणि त्याच फडातली वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी आपण हौसेनं विकत आणून गव्हाणीत टाकतो. बाधित ठिकाणची वैरण, गवत, जनावराखालचं अंथरूण बाहेर काढायलाही कायद्यानं बंदी आहे, पण वाढं आणताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. टोळी तुमच्या फडात येण्याआधी कारखान्याच्या चिटबॉयला (उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला) किंवा शेतकी विभागात विचारा, बैलांना लस झाली का, बिल्ला आहे का. टोळीवाल्यांवर डाफरू नका. बैल मेला तर त्यांचा हंगामच बुडतो, ते स्वतःहून दाखवतात. वाढं लांबच्या सरीतलं घ्या, बैल उभे होते तिथलं नको.

पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराला खोंड न्यायचा बेत असेल, शर्यतीचा नाद असेल, तर एवढंच, विसार देण्याआधी बाजार भरणार का ते तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. हुकूम निघाला की यात्रा भरली तरी जनावरांचा बाजार भरेलच असं नाही, आणि दिलेला विसार परत मिळवणं किती कठीण असतं ते सांगायला नको.

वाईटाचीही तयारी ठेवा. जनावर मेलं तर ओढ्यात, नदीत टाकायचं नाही, त्याला वेगळा आणि जास्त दंड आहे. विहीर, बोअर, ओढ्यापासून लांब, जेसीबी जाईल अशी जागा बघून ठेवा. खड्डा सात-आठ फुटांचा, वर-खाली चुना. पण पुरायच्या आधी पंचनामा. लम्पीच्या वेळी सरकारनं दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत दिली होती. ती मिळते कागदावर. म्हणून बिल्ल्यासह कानाचा, पूर्ण जनावराचा फोटो काढा, आणि बँक पासबुक व आधारची प्रत त्याच वहीच्या कव्हरात ठेवा.

निर्बंध उठतात तेही हुकुमानंच, गावात कुणी म्हणालं म्हणून नाही. उठल्यावर नवी गाय आणलीत तर तीन-चार आठवडे वेगळ्या खुंट्यावर ठेवा आणि तिच्या बिल्ल्याची मालकी दवाखान्यात तुमच्या नावावर करून घ्या.