लघुग्रह साताऱ्यावर पाडताय? मग या चुका टाळा

पृथ्वीवरच्या संकटाची विज्ञानकथा लिहायची तर पेनाआधी कॅलक्युलेटर हातात घ्या.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे धडकेला महिना उरला असताना यान सोडणं. एका हस्तलिखितात यान आदळतं, लघुग्रह 'बाजूला सरकतो' आणि सांगलीत पेढे वाटले जातात. जरा गुणाकार करा. धक्क्यानं वेग सेकंदाला १ सेंटीमीटरनं बदलला असं धरू. हेसुद्धा सढळ हातानं दिलेलं आहे, कारण २०२२ मध्ये नासाचं 'डार्ट' यान १६० मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला ६ किलोमीटर वेगानं आदळलं, तेव्हा वेगात फरक पडला जेमतेम सेकंदाला पावणेतीन मिलिमीटरचा. महिन्यात २६ लाख सेकंद, म्हणजे लघुग्रह सरकला २६ किलोमीटर. साताऱ्याहून निघून कराडसुद्धा आलं नाही, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर! तोच धक्का १० वर्षं आधी दिला तर साध्या गुणाकारानंच ३,१५० किलोमीटर होतात. शिवाय सूर्याभोवतीच्या फेरीचा काळ बदलतो, तो फरक फेरीगणिक साचतो आणि आकडा ढोबळमानानं तिप्पट होतो. म्हणून गोष्ट दहा वर्षांची करा. 'कथा रेंगाळते' असं म्हणणाऱ्या घाईच्या लेखकांनी सरळ भयकथा लिहावी.

'डोंगराएवढा दगड' लिहू नका. व्यास, घनता, वेग ठरवा. १०० मीटर व्यास, घनमीटरला ३,००० किलो, सेकंदाला २० किलोमीटर: ऊर्जा साधारण ७५ मेगाटन, म्हणजे साडेसात कोटी टन टीएनटी स्फोटकाएवढी. एवढ्यानं जिल्हा हादरेल, जग संपणार नाही. डायनोसॉर संपवणारा दगड सुमारे १० किलोमीटरचा होता.

अणुस्फोटानं दगड ढकलायचाय? अवकाशाच्या पोकळीत हवेची धक्कालहर नसते. किरणांनी पृष्ठभागाची वाफ होते आणि तिचा उलटा रेटा दगडाला ढकलतो.

अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला जवळून जाणार आहे, धडकणार नाही. खलनायक दुसरा शोधा.

आता वेळेचा घोळ. दगड साताऱ्याजवळ पडतो आणि त्याच वाक्यात सांगलीच्या काचा फुटतात! अंतर १२० किलोमीटर धरा. उजेड लगेच दिसेल. जमिनीतली पहिली लहर साधारण २० सेकंदांत येईल. आवाज मात्र सहा मिनिटांनी. चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लोक उजेड बघायला खिडकीशी गेले, दोनेक मिनिटांनी धक्कालहर आली आणि बहुतेकांना इजा झाली ती काचांनी. तुमचा खरा प्रसंग त्या सहा मिनिटांतच आहे: सांगलीच्या गणपती पेठेत दुकानातून बाहेर आलेली माणसं, साताऱ्याला न लागणारे फोन, 'अगं, काचेपासून लांब हो' म्हणणारं कुणीतरी.

कोयनेची भिंत फोडायचीच असेल तर पाणी पाटण, कराड, मग कृष्णेतून सांगली असंच येऊ द्या. सांगलीच्या आयर्विन पुलाला ते पुढच्या परिच्छेदात लागत नाही, काही तास लागतात.